सूर आणि रंग एका छपराखाली

कोलकात्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये रोज वर्ग भरण्यापूर्वी सगळी मुले रांगेने बसून एक गाणे म्हणत. गाणे इंग्रजी होते, चाल विलायती होती आणि त्यातले एक अक्षरही मुलांना कळत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या बंगाली मुलांच्या तोंडी घोळून त्या शब्दांचा असा काही चुरा झाला होता, की ती भाषा इंग्रजी राहिली नव्हती आणि बंगालीही झाली नव्हती. त्या मुलांपैकी एकाने पुढे वयाच्या पन्नाशीत बालपणाच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा या गाण्याचा मूळ पाठ काय असावा याचा त्याने बराच शोध घेतला. काही शब्दांचा माग लागला. आरंभीचा शब्द मात्र अखेरपर्यंत कोडेच राहिला. तोवर त्याच्या नावावर शेकडो गाणी जमा झाली होती आणि बोलपूरच्या माळावर त्याची स्वतःची एक शाळा उभी होती.

रवींद्रनाथ टागोरांच्या चरित्रात कवी, नोबेल पारितोषिक, राष्ट्रगीत असे टप्पे ठरून गेले आहेत. शाळामास्तर रवींद्रनाथ त्यामानाने मागे राहतात. वास्तविक आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे त्यांनी या शाळेसाठी खर्च केली. मुलांना अभिजात संगीत आणि चित्रकला यांची ओळख कशी व्हावी, या प्रश्नाशी इतका दीर्घकाळ झगडलेला दुसरा भारतीय साहित्यिक सापडणे कठीण आहे.

७ मे १८६१ रोजी जोडासांको येथील वाड्यात त्यांचा जन्म झाला. देवेंद्रनाथांचे हे चौदावे अपत्य. घरात शिक्षणाचा असा भडिमार होता, की आजच्या शिकवण्यांनी पिळलेल्या मुलांनाही त्याची दया यावी. पहाटे कुस्ती, मग अभ्यास, मग शाळा. शाळेतून परतल्यावर व्यायामाचे मास्तर, त्यांच्यामागे चित्रकलेचे मास्तर आणि दिवेलागणीला इंग्रजीचे मास्तर. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा शाळा बदलून झाल्या, पण रवी कोठेच रमला नाही. चित्रकलेच्या मास्तरांचा तर त्याच्यावर काहीच ठसा उमटला नाही.

गाण्याचे वेगळे होते. विष्णू चक्रवर्ती हे ब्राह्म समाजाचे गायक घरातील मुलांना शिकवीत. त्यांनी आरंभ रागदारीपासून केला नाही. खेड्यापाड्यांतली साधी, गमतीदार बंगाली गाणी त्यांनी मुलांच्या गळ्यात आधी उतरवली. त्यानंतर विष्णुपूर घराण्याचे नामवंत धृपदिये यदुभट्ट वाड्यात आले. या मुलाला पद्धतशीर तालीम देण्याची त्यांची इच्छा होती. मुलगा मात्र समोर बसायला तयार नव्हता. दाराआडून, जिन्यावरून, जाता-येता त्याने जे ऐकले तेवढेच घेतले. ते किती होते याची साक्ष त्यांची धृपद अंगाची गाणी आजही देतात. १८७३ मध्ये वडिलांबरोबर हिमालयात जाताना अमृतसरला सुवर्णमंदिरात चाललेले कीर्तन त्याने ऐकले, आणि संध्याकाळी वडिलांना गाणी म्हणून दाखवली. थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर नवनव्या चाली वाजवीत आणि धाकट्याने त्यांवर झटपट शब्द बसवायचे, हाही घरातला नित्याचा खेळ होता.

या बालपणातून त्यांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता. जे शिकवले गेले ते उडून गेले, आणि जे घरात आपोआप वाहत होते ते मुरले. मात्र प्रत्येक घर जोडासांकोचा वाडा नसते. सामान्य घरातल्या मुलाच्या कानांवर यदुभट्ट कोठून पडणार? मग ते वातावरणच मुद्दाम निर्माण करायला हवे, आणि त्यासाठी गाणारे व रंगवणारे लोक मुलांच्या शेजारी राहायला हवेत. शांतिनिकेतनचा सारा खटाटोप या एका गृहीतकावर उभा आहे. ते चुकीचे ठरले असते, तर एका श्रीमंत कवीची हौस एवढीच त्याची नोंद झाली असती.

२२ डिसेंबर १९०१ रोजी पाच विद्यार्थी घेऊन ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. त्यांत रवींद्रनाथांचा थोरला मुलगा रथींद्रनाथ होता. ही आरंभीची शाळा नंतरच्या शांतिनिकेतनासारखी मोकळीढाकळी नव्हती, हे सांगितले पाहिजे. प्राचीन तपोवनाचे चित्र डोळ्यांसमोर असल्याने कडक दिनचर्या होती, सोवळेओवळे होते. पैशाची तर कायमच चणचण. पत्नी मृणालिनीदेवींनी दागिने दिले, पुरीचे घर विकले गेले. नोव्हेंबर १९०२ मध्ये मृणालिनीदेवी वारल्या, पुढच्या वर्षी मुलगी रेणुका गेली, १९०५ मध्ये वडील गेले.

धाकटा मुलगा शमींद्र याच शाळेत शिकत होता. १९०७ च्या वसंतात त्याने सोबत्यांना जमवून ऋतूंचा एक छोटासा उत्सव केला: कोणी वसंत झाला, कोणी वर्षा, गाणी म्हटली गेली. शांतिनिकेतनातल्या वसंतोत्सवाचे मूळ या मुलांच्या खेळात आहे, असे तेथे मानतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आई गेली त्याच महिन्यात, सुट्टीत मुंगेरला गेलेला अकरा वर्षांचा शमी पटकीने दगावला. रवींद्रनाथ परत आले आणि कामाला लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शारदोत्सव’ लिहिले. शरद ऋतूची सुट्टी लागलेल्या मुलांचे हे नाटक गाण्यांनी भरलेले आहे आणि ते शाळेतल्या मुलांनीच करावे म्हणून लिहिलेले आहे. त्यामागे शमी होता का, हे त्यांनी सांगितलेले नाही. वाचकाला मात्र तो दिसल्यावाचून राहत नाही.

हळूहळू शाळेचा दिवसच गाण्याने सुरू होऊ लागला. पहाटे मुलांचा मेळा गात गात आश्रमातून फिरे. त्याला वैतालिक म्हणत. ऋतू बदलला की गाणी बदलत. या सगळ्याचा कणा म्हणजे रवींद्रनाथांच्या थोरल्या भावाचा नातू दिनेंद्रनाथ. धिप्पाड देहाचा, खळखळून हसणारा हा माणूस मुलांचा लाडका होता. रवींद्रनाथांना चाल सुचे तशी ती विसरतही असत. म्हणून नवे गाणे तयार झाले की पहिली धाव दिनेंद्रनाथांकडे. त्यांनी ते उचलायचे, त्याची स्वरलिपी करायची आणि संध्याकाळपर्यंत ते मुलांच्या तोंडी असायचे. मोठ्यांच्या मैफलीत न गायलेली कितीतरी गाणी अशी प्रथम शाळकरी पोरांनी गायली. मुलांसाठी म्हणून सोपी, पातळ गाणी वेगळी काढावीत हा विचार रवींद्रनाथांना मान्य नव्हता. मुलाला अर्थ सगळा कळलाच पाहिजे असे नाही, स्वर चांगला कानांवर पडला पाहिजे, असे त्यांचे मत होते. इथे नॉर्मल स्कूलचे ते अगम्य गाणे आठवते आणि प्रश्नही पडतो, की मग फरक कोठे राहिला? फरक सभोवतालात होता. तिकडे गाणे म्हणजे हजेरीपूर्वीची कवायत होती. इकडे पावसाचे गाणे पाऊस पडत असताना, ज्याने ते सकाळी रचले त्याच्या शेजारी बसून म्हटले जात होते.

बाहेरच्या जगाला हे सारे संशयास्पद वाटे. आरंभीच्या काळात घरी न आवरणारी पोरे पालक इकडे धाडीत. १९११-१२ च्या सुमारास पूर्व बंगाल आणि आसाम सरकारने ही शाळा सरकारी नोकरांच्या मुलांसाठी अयोग्य असल्याचे परिपत्रक काढले, तेव्हा मुले काढून घेण्याचीही वेळ पालकांवर आली. १९१३ च्या नोबेल पारितोषिकाने प्रतिष्ठा मिळाली. परीक्षेचा प्रश्न मात्र सुटला नाही. वरच्या वर्गांतल्या मुलांना अखेर कोलकाता विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसावेच लागे. झाडाखालच्या शाळेवर त्या परीक्षेची सावली शेवटपर्यंत राहिली आणि रवींद्रनाथ तिच्यावर शेवटपर्यंत चरफडत राहिले.

गाणे असे रुजले, तरी चित्र अजून बाहेरच होते. पुतणे अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे नामांकित चित्रकार. पण ते जोडासांकोत. १९१६ च्या जपान प्रवासात तिकडच्या घराघरांत मुरलेली चित्रदृष्टी पाहून रवींद्रनाथ अस्वस्थ झाले. १९१९ मध्ये त्यांनी कलाभवन काढले. त्याची एक विशेष गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आज कलाभवन म्हणजे चित्र आणि शिल्प शिकवणारी संस्था. आरंभी मात्र संगीत आणि चित्रकला या दोहोंचे शिक्षण तेथेच होते. चौदा वर्षे, म्हणजे १९३३ मध्ये संगीत भवन वेगळे होईपर्यंत, एका नावाखाली दोन्ही विद्या नांदल्या.

गाण्याच्या बाजूला दिनेंद्रनाथांबरोबर एक मराठी माणूस होता: पंडित भीमराव शास्त्री हसूरकर. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम आश्रमातल्या मुलांना त्यांच्याकडून मिळाली, आणि रवींद्रनाथांच्या गाण्यांच्या स्वरलिपी करण्याचे कामही त्यांनी केले. पुढे संगीत भवनात व्ही. व्ही. वझलवार यांनी हीच परंपरा चालवली. कणिका बंदोपाध्यायांसारखी रवींद्रसंगीताची थोर गायिका त्यांच्याजवळ रागदारी शिकली. महाराष्ट्रात या दोघांची आठवण फारशी काढली जात नाही.

चित्राच्या बाजूला रवींद्रनाथांना नंदलाल बोस हवे होते. अवनींद्रनाथांचा हा पट्टशिष्य; अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी लेडी हेरिंगहॅमबरोबर तेथे राहून आलेला. १९१४ मध्ये ते पाहुणे म्हणून आले तेव्हाच आम्रकुंजात त्यांचा सत्कार झाला होता. आता ते शिकवायला आले, पण गुरूंच्या बोलावण्यावरून त्यांना मध्येच कोलकात्याला परतावे लागले. काका-पुतण्यांतील ही ओढाताण सभ्य असली तरी खरी होती. कोलकात्यात चित्रसंस्था होती, प्रदर्शने होती, ग्राहक होते. बोलपूरला तांबडी माती आणि शाळकरी मुले होती. नंदलालांनी अखेर मुले निवडली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी ते कायमचे शांतिनिकेतनात आले. नसते आले, तर शाळेचे अर्धे अंग लुळेच राहिले असते.

नंदलालांची शिकवण्याची तऱ्हा रवींद्रनाथांच्या गृहीतकाला अचूक लागू पडली. मुलांना घेऊन ते कोपाई नदीवर, खोआईच्या घळींत, संथाळांच्या वस्तीवर भटकत. खिशात कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा असे आणि हात सतत चालू असे. अभिजात चित्रकलेची ओळख त्यांनी मुलांना पुस्तकातल्या ठशांवरून करून दिली नाही. अजिंठा आणि बाघ येथील भिंतींवरून जे हातात आले होते ते त्यांनी आश्रमाच्या भिंतींवर चढवले, आणि ग्रंथालयाच्या ओवरीत चुन्यावर रंग चढताना ये-जा करणारी मुले पाहत राहिली. बायकांच्या घरगुती आल्पनेला, आपल्याकडच्या रांगोळीच्या या बहिणीला, त्यांनी कलेच्या पंक्तीत बसवले. उत्सव ठरला की संगीतवाले गाणी बसवीत आणि चित्रवाले जमीन, वेदी, पताका, वेष यांचा ताबा घेत. पाठभवनाची मुले दोन्हीकडे असत. १९२८ पासून सुरू झालेल्या वृक्षारोपणात सजवलेल्या पालखीतून रोप मिरवत नेतात, पुढे गाणारी-नाचणारी मुले, पायांखाली आल्पना. कला शिकवण्याचा तास कोणता आणि सणाचा दिवस कोणता, हे सांगता येऊ नये अशीच ती रचना होती.

१९३० मध्ये ‘सहज पाठ’ ही बंगाली अंकलिपी निघाली. शब्द रवींद्रनाथांचे, लिनोकटची काळी-पांढरी चित्रे नंदलालांची. अक्षर, लय आणि रेषा मुलाच्या हाती एकदमच पडावीत, ही त्यामागची दृष्टी. बंगालमधल्या कित्येक पिढ्यांनी लिहावाचायला यावरून सुरुवात केली. थोर कवी आणि थोर चित्रकार यांनी मिळून पहिलीच्या मुलासाठी पुस्तक करावे, हे आपल्याकडे व्हायला हवे होते असे वाटल्यावाचून राहत नाही.

कलाभवनात एक मराठी विद्यार्थीही होता: कोल्हापूरचे विनायक मासोजी. शिकून ते तेथेच शिक्षक झाले. पुढे पु. ल. देशपांडे उतारवयात बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि त्यांच्या ‘वंगचित्रे’मधून मराठी वाचकाला या आश्रमाचा लळा लागला, हे सर्वश्रुत आहे.

या एकत्रपणाची खरी कसोटी १९२६ मध्ये ‘नटीर पूजा’च्या वेळी लागली. बुद्धाच्या भक्तीपायी प्राण देणाऱ्या नर्तकीचे हे नाटक आश्रमातल्या मुलींनी केले. नटी श्रीमतीची भूमिका नंदलालांची मुलगी गौरी हिने केली. आश्रमात ते ठीक होते. हेच नाटक कोलकात्यात करायचे ठरले तेव्हा प्रश्न उभा राहिला. भद्र घरातल्या मुलीने लोकांसमोर नाचायचे? त्या काळात याचा अर्थ एकच घेतला जाई. रवींद्रनाथांनी तोड अशी काढली, की नाटकात उपाली नावाच्या भिक्षूचे पात्र नव्याने घातले आणि पासष्टी उलटलेले ते स्वतः ती भूमिका घेऊन मुलींबरोबर रंगमंचावर आले. टीका व्हायचीच असेल तर ती आधी आपल्यावर व्हावी, असा त्याचा सरळ अर्थ. प्रयोग पार पडला. पुढे १९४२ मध्ये नंदलालांनी चीना भवनाच्या भिंतीवर ‘नटीर पूजा’चेच प्रसंग रंगवले. मुलीने नाचून दाखवलेले बापाने भिंतीवर उतरवले, आणि तोवर नाटक लिहिणारा राहिला नव्हता.

स्वतः रवींद्रनाथांच्या हाती कुंचला आला तो वयाच्या साठीनंतर. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यांतून पक्षी, श्वापदे, मुखवटे उमटू लागले. १९२४ मध्ये अर्जेंटिनात ‘पूरबी’ची वही पाहून व्हिक्टोरिया ओकाम्पो चकित झाल्या, त्यांच्याच खटपटीने मे १९३० मध्ये पॅरिसला पिगाल दालनात पहिले प्रदर्शन भरले. मग बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क. दोन हजारांहून अधिक गाणी रचणाऱ्याने शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. शिक्षण शून्य. मास्तरांनी न शिकवलेले आपोआप उगवते, या त्यांच्या सिद्धान्ताचा हा सर्वांत अजब पुरावा म्हणता येईल. मात्र त्यांच्या स्वभावातली एक विसंगतीही नोंदवायला हवी. चित्रात एवढी मोकळीक घेणारे रवींद्रनाथ गाण्याच्या बाबतीत तसे नव्हते. आपल्या चालीत गायकाने पदरचे ताना-आलाप घालावेत हे त्यांना खपत नसे, आणि दिलीपकुमार राय यांच्यासारख्या संगीतज्ञाशी त्यांचे यावरून वाद झाले. त्या सावध वृत्तीचा वारसा शांतिनिकेतनाने पुढे जरा जास्तच निष्ठेने जपला.

१९३३ मध्ये संगीत भवन स्वतंत्र झाले. व्यवस्थेच्या दृष्टीने ते योग्यही असेल. दोन वर्षांनी दिनेंद्रनाथ गेले. संस्था वाढली तसे कर्ज वाढले आणि पंचाहत्तरीचे रवींद्रनाथ विद्यार्थ्यांचा ताफा घेऊन ‘चित्रांगदा’ नृत्यनाट्याचे प्रयोग करीत उत्तर हिंदुस्थानात पैशासाठी फिरू लागले. मार्च १९३६ मध्ये दिल्लीत गांधीजींना हे पाहवले नाही. त्यांनी ६० हजार रुपयांची व्यवस्था केली आणि म्हाताऱ्या गुरुदेवांना परत पाठवले. त्या दौऱ्यातही मुले गात होती, नाचत होती आणि रंगमंच कलाभवनाच्या हातांनी सजत होता. फिरणे थांबले याचे दुःख त्यांना पैसे मिळाल्याच्या सुखाएवढेच झाले असावे, असा माझा तर्क आहे.

७ ऑगस्ट १९४१ रोजी जोडासांकोच्या वाड्यातच त्यांचे निधन झाले. १९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले. २०२३ मध्ये शांतिनिकेतनाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

त्यांच्या मुलांपैकी एकाची हकीकत सांगायची राहिली. १९१७ मध्ये बिनोदबिहारी मुखर्जी नावाचा मुलगा शाळेत आला. त्याचा एक डोळा जन्मापासून निकामी आणि दुसऱ्याने जेमतेम दिसे. कलाभवन निघाले तेव्हा त्याला तेथे जायचे होते. अशा डोळ्यांचा मुलगा चित्रकार कसा होणार, अशी शंका नंदलालांनाही होती. रवींद्रनाथांनी मुलगा मन लावून काम करतो ना एवढेच विचारले आणि त्याला अडवू नका असे सांगितले. १९४७ मध्ये या बिनोदबिहारींनी हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर मध्ययुगीन संतांचा विराट पट रंगवला. ज्यांच्या रचना आश्रमात गायल्या जात त्या संतकवींचा तो मेळा आहे. पुढे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची उरलीसुरली दृष्टी गेली. ते थांबले नाहीत. कागद कापून, माती चाचपून काम करीत राहिले, आणि १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर मातीच्या फरश्यांचे एक मोठे चित्र त्यांनी बोटांच्या स्पर्शाने जुळवले. त्यांच्या हाताखाली कधीकाळी शिकलेल्या सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. त्यात अखेरीस पडद्यावर आंधळा चित्रकार काम करताना दिसतो आणि मागे निखिल बॅनर्जींच्या सतारीवर आसावरी वाजत असतो.